पडके दगड पाहायला एवढ्या लांब कशाला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आम्ही उभयतां येत्या ऑक्टोबरमध्ये ग्रीस, इटली आणि तुर्कस्तान असा बारा दिवसांचा प्रवास करण्याच्या विचारात आहोत. यजमानांचे म्हणणे असे, की पडके दगडच पाहायचे तर सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीचे जुने शिवमंदिर आहे, त्यासाठी एवढा खर्च कशाला? त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : परळीचे मंदिर पाहिलेच पाहिजे, त्यामुळे यजमानांच्या म्हणण्याचा तेवढा भाग मान्य करून पुढे बोलू. भग्न वास्तू पाहताना आपण बहुधा ‘हे कोणी पाडले’ असे विचारतो. माझ्या अनुभवात ‘एवढे तरी कसे उरले’ हा प्रश्न अधिक फळतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा त्या वास्तूच्या नंतरच्या धर्मात सापडते.

रोममधील पँथिऑन घ्या. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२६च्या सुमारास पूर्ण झालेले हे मंदिर आजही छतासकट उभे आहे. त्याचे मोठे कारण म्हणजे इ.स. ६०९मध्ये त्याचे चर्च झाले आणि ते वापरात राहिले. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आहे, जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, आणि सळई न घातलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात दुसरा नाही. माथ्यावर उघडा गोल झरोका असल्यामुळे पाऊस थेट आत येतो आणि फरशीतील भोकांतून निचरून जातो. पावसाळ्यात आपल्याकडे गळणाऱ्या छताखाली बादली ठेवणाऱ्यांना ही व्यवस्था फार आवडेल! दर्शनी भागावर अग्रिप्पाचे नाव कोरलेले दिसेल. ते आधीच्या मंदिराच्या निर्मात्याचे आहे, हेड्रियनने ते तसेच राहू दिले.

आता अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात ते उभे राहिले, अथेना देवीचे मंदिर म्हणून सुमारे हजार वर्षे राहिले, मग चर्च झाले, पंधराव्या शतकात मशीद झाले. आणि या सर्व स्थित्यंतरांत त्याचा सांगाडा बराचसा शाबूत होता. १६८७मध्ये ऑटोमन सैन्याने आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या सैन्याने तोफा डागल्या आणि स्फोटात मधला भाग उडाला. म्हणजे उपासना बदलली तेव्हा नव्हे, तर देवाच्या घराचे कोठार झाले तेव्हा ते कोसळले. पुढे उरलेल्या शिल्पांपैकी बरीच शिल्पे ऑटोमन दरबारातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने इंग्लंडला नेली आणि १८१६मध्ये ब्रिटिश संसदेच्या मंजुरीने ती विकत घेतली गेली. टेकडीच्या पायथ्याचे अक्रोपोलिस संग्रहालय २००९मध्ये उघडले. तेथे मूळ शिल्पांच्या शेजारी, परदेशी गेलेल्या शिल्पांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती बसवल्या आहेत, त्यामुळे काय गेले ते न बोलता कळते. संग्रहालय चुकवू नये. वेळ कमी असेल तर बाजारहाट चुकवावी.

आणखी एक गोष्ट आपल्याला सहज उमगेल. ग्रीक मंदिर म्हणजे देवाच्या मूर्तीचे घर; भक्तांचा समुदाय आत बसत नसे, बळी आणि आहुती बाहेरच्या वेदीवर दिली जात असे. सभामंडपाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना आतला भाग लहान का वाटतो, त्याचे कारण हेच. आणि आज पांढरेशुभ्र दिसणारे हे संगमरवर एके काळी रंगवलेले होते.

तिसरे ठिकाण तुर्कस्तानातील प्राचीन शहर इफिसस. ते ओसाड पडण्यात नदीच्या गाळाचा मोठा वाटा आहे. बंदर गाळाने भरत गेले आणि समुद्र आज काही किलोमीटर दूर आहे. कृष्णेचा गाळ घरातून उपसलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. सेल्ससच्या ग्रंथालयाची दोनमजली दर्शनी भिंत तुकडे जुळवून पुन्हा उभी केलेली आहे. प्राचीन सात आश्चर्यांत गणले गेलेले आर्टेमिस देवीचे मंदिर मात्र जवळच असूनही निराश करते. दगड इतरत्र नेले गेले; आता तुकडे रचून उभा केलेला एकच स्तंभ आहे, त्यावर करकोचे घरटे करतात. मला तो स्तंभ पाहताना पार्थेनॉनपेक्षा अधिक काही वाटले, पण ही व्यक्तिगत आवड झाली.

बारा दिवसांत तीन देश हा बेत मात्र मला पटत नाही. त्यात निम्मे दिवस विमानतळ आणि बसमध्ये जातात. ग्रीस आणि इटली ठेवा, किंवा ग्रीस आणि तुर्कस्तान. यजमानांचा विरोधही त्याने बराच ओसरेल.

प्रश्न : वय ६६. गुडघे दुखतात. अक्रोपोलिस चढवेल का? कोणता हंगाम चांगला?
– एक वाचक, विटा

उत्तर : अजिंक्यताऱ्याच्या मानाने अक्रोपोलिस ही टेकडीच आहे, चढ फार नाही. अडचण निराळी आहे : शतकानुशतकांच्या पावलांनी संगमरवर गुळगुळीत झाला असून तो कोरडा असतानाही पाय घसरतो. रबरी तळव्याचे बूट घालावेत. नवे बूट प्रवासाच्या महिनाभर आधी चालून मुरवावेत. चालण्यास असमर्थ असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, तिची चौकशी आधी करून ठेवावी. ठरावीक वेळेचे तिकीट आगाऊ घेऊन सकाळी दार उघडतानाच आत जाणे उत्तम. जुलै-ऑगस्ट सर्वथा टाळावेत. जुलै २०२३मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावे लागले होते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर योग्य. ग्रीसमधील मिटिओराच्या उंच कड्यांवरील ख्रिस्ती मठांपैकी सहा आजही नांदते आहेत, त्यांतील बहुतेकांना पुष्कळ पायऱ्या आहेत; सेंट स्टीफनच्या मठात मात्र छोट्या पुलावरून जाता येते. आपण तोच पाहावा.

प्रश्न : आम्ही देवभक्त माणसे. पडक्या देवळात हात जोडावेत का? चर्च आणि मशिदीत जाताना कोणते नियम पाळावेत?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मनोमन हात जोडायला कोणाची हरकत असणार? मात्र फूल, कुंकू, उदबत्ती नको, आणि प्रसाद म्हणून खडाही उचलू नये. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातून उचलून नेलेले दगड लोक पुढे पश्चात्तापाच्या चिठ्ठीसह परत पाठवतात. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे.

ज्या शहरात दर्गा आणि देऊळ दोन्हींची वहिवाट आहे, तेथील माणसाला पुढचे नियम नवे वाटणार नाहीत. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मिटिओराच्या मठांत स्त्रियांनी स्कर्ट आणि पुरुषांनी पूर्ण लांबीची विजार घालावी असा दंडक आहे. साडी अर्थातच चालते, पण पायऱ्या लक्षात घ्याव्यात. इस्तंबूलची आया सोफिया ५३७मध्ये चर्च म्हणून पूर्ण झाली, १४५३मध्ये मशीद झाली, १९३५मध्ये संग्रहालय झाली आणि २०२०पासून पुन्हा मशीद आहे. स्त्रियांनी डोके झाकावे. जानेवारी २०२४पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात नेतात, खालचा भाग नमाजासाठी राखलेला असतो. यात तोटा नाही, कारण ख्रिस्ती काळातील उत्तम मोझेक चित्रे वरच आहेत.

प्रश्न : तिन्ही देशांना एकच व्हिसा चालतो का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. ग्रीस आणि इटलीसाठी एकच शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) पुरतो; ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तुर्कस्तानचा व्हिसा स्वतंत्र असून त्याचे नियम अर्जाच्या वेळी पुन्हा तपासावेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. परदेशी जाणे सध्या शक्य नाही. जवळपास काही पाहता येईल का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : कराडहून कोल्हापूर दोन तासांवर आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात, १९४४-४५च्या सुमारास, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. रोमन जगाशी सातवाहनकालीन व्यापार होता, त्या वाटेने ती आली असावी. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत; परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांनी बौद्ध लेण्याला स्तंभ दिले, हे तेथे ब्राह्मी अक्षरांत वाचता येते. आपल्या कराडची आगाशिवाची लेणी त्यांच्या आधी पाहून घ्या, म्हणजे तुलना करता येईल. पोसायडनची मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ती लहान आहे, तेव्हा प्रदर्शनात मांडली आहे की नाही हे आधी विचारून मगच एस.टी. पकडा.