पार्कचा व्हिडिओ करताय? आधी देखभाल बघायला शिका

पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन निघालात, तर नुसत्या किंकाळ्या टिपू नका. पावसाळा संपल्यावर जा. कठड्याच्या तळाशी रंगाला फुगे आलेत का, वेल्डिंगच्या सांध्यातून तांबूस ओघळ उतरलेत का, हे जवळून घ्या. पण वरवरचा गंज दिसला म्हणून ‘राइड धोकादायक’ असं ठोकून देऊ नका. रंग उडणं वेगळं, लोखंड खाल्लं जाणं वेगळं, आणि ते कॅमेऱ्यातून ठरत नाही.

वॉटरपार्कमध्ये डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालंय. बहुतेकदा उलटच असतं. क्लोरीनचा घाम-लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे कामाचं क्लोरीन कमी पडलंय. चाचणीपट्टी जवळ ठेवा: मुक्त, म्हणजे कामाचं क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८ हवा. तळाची फरशी स्पष्ट दिसत नसेल तर पाण्यात उतरूच नका.

माइकवर फरचं कव्हर लावा, नाहीतर वाऱ्याच्या घरघरीत बोलणं बुडतं. चालत्या राइडवर फोन नको. प्रत्येक दृश्यावर चित्रीकरणाची तारीख टाका. महिन्याभराने तीच जागा रंगवलेली असू शकते.