सर्व्हर चालू झाला, पण खेळ टिकेना

या वेळच्या पत्रांमध्ये मित्रमैत्रिणींसोबत ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम होस्ट करण्यावरचे प्रश्न इतके आलेत की अख्खं सदर त्यालाच दिलंय. मी स्वतः फ्रीसिव्हचे (राज्य उभारायचा, टर्न म्हणजे पाळीपाळीने खेळायचा मोफत गेम) सामने होस्ट करते आणि या खेळावर माझा फार जीव आहे, त्यामुळे एखादं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. सेटिंगची नावं इथे मराठी अक्षरांत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

प्रश्न : ताई, फ्रीसिव्हचा सर्व्हर माझ्या पीसीवर चालू केला, मला स्वतःला आत जाता येतं, पण मित्रांना 192.168.1.7 हा पत्ता दिला तर कोणालाच कनेक्ट होत नाहीये. फायरवॉलसुद्धा बंद करून पाहिला. काय चुकतंय?

आधी तो फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती कनेक्शनं अडवणारी पीसीची भिंत) चालू करा बघू! फक्त फ्रीसिव्हच्या सर्व्हरला परवानगी द्यायची, अख्खा फायरवॉल पाडायची गरज नसते.

चूक पत्त्यात आहे. 192.168 ने सुरू होणारे पत्ते हे घरातल्या घरात चालणारे, राउटरने तुमच्या पीसीला दिलेले, बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नाही. बाहेरून दिसतो तो राउटरचा पब्लिक पत्ता, मित्रांना तो द्यायचा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून सांगायचं की 5556 या पोर्टवर (पोर्ट म्हणजे डेटा येण्याचा क्रमांक दिलेला दरवाजा) टीसीपीने (डेटा पाठवायची एक पद्धत) जे काही येईल ते 192.168.1.7 कडे पाठव. 5556 हा फ्रीसिव्हचा ठरलेला पोर्ट, तुम्ही मुद्दाम बदलला नसेल तर तोच. त्याच वेळी राउटरमध्ये तुमच्या पीसीसाठी तो आतला पत्ता राखीव करून ठेवा, नाहीतर एक दिवस पीसी रीस्टार्ट होतो, पत्ता 192.168.1.9 होतो आणि काल चालणारं आज का चालत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतात.

तपासताना घरच्याच वायफायवरून पब्लिक पत्ता टाकून बघू नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं नीट असूनही फेल दिसतं. मोबाइल डेटावरून तपासा.

एवढं करूनही जमलं नाही तर, खरं तर हे सगळं करण्याआधीच, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल, किंवा बाहेरची वेबसाइट दाखवते त्यापेक्षा वेगळा असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय आणि तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडलात तरी उपयोग शून्य. अशा वेळी टेलस्केल किंवा झिरोटियर सारखं काहीतरी सगळ्यांनी टाकून घ्या, त्यात सगळ्यांचे पीसी एकाच घरात असल्यासारखे एकमेकांना दिसतात, किंवा सरळ भाड्याने छोटा सर्व्हर घ्या. मी एकदा हे न बघता दोन रात्री राउटरशी झटापट केली होती, म्हणून कळकळीने सांगते, वॅन पत्ता सगळ्यात आधी बघा.

प्रश्न : झिरो एडी (प्राचीन काळातल्या लढायांचा रिअल टाइम गेम) खेळताना मध्येच 'आउट ऑफ सिंक' येतं आणि दोघांच्या स्क्रीनवर वेगवेगळी लढाई दिसते. नेट तर दोघांचंही फास्ट आहे.

नेटचा दोष नाही. अशा रिअल टाइम गेममध्ये प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे हे नेटवरून पाठवतच नाहीत, पाठवतात त्या फक्त तुमच्या आज्ञा, आणि पुढची लढाई प्रत्येकाचा पीसी स्वतः मोजतो. 1997 चा एज ऑफ एम्पायर्स 28.8 केबीपीएसच्या संथ मोडेमवर शेकडो सैनिक घेऊन चालायचा तो याच युक्तीवर. पण मग सगळ्यांचं गणित शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला लागतं. एकाकडे आवृत्ती वेगळी, किंवा एक मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) जास्तीचा, की हळूहळू दोन वेगळी युद्धं सुरू होतात. तेव्हा आवृत्ती आणि मॉडची यादी दोघांनी शेजारी ठेवून जुळवा. सगळं तंतोतंत जुळूनही येत असेल तर तो गेममधला बग असू शकतो. याच पद्धतीमुळे एकाचा पीसी मंद असला तर सगळ्यांचा खेळ रेंगाळतो, त्यावर उपाय म्हणजे लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवणं. आणि हो, झिरो एडीला 20595 पोर्ट लागतो तो यूडीपी या दुसऱ्या पद्धतीचा, टीसीपी उघडून बरेच जण वाट बघत बसतात.

प्रश्न : आम्ही सात जण वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये आहोत, रोज एक टर्न असा फ्रीसिव्ह सुरू करतो पण तिसाव्या-चाळिसाव्या टर्नपर्यंत भांडणं होऊन बंद पडतो. तीनदा झालं असं. सर्व्हर अगदी नीट चालतोय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे माझ्याही बाबतीत झालंय. सर्व्हर नीट चालणं हा अर्धाच भाग. राहिलेला अर्धा म्हणजे वेळेचे नियम, आणि ते पहिल्या टर्नच्या आधी ठरले नाहीत तर चांगली मैत्री असलेले लोकसुद्धा एकमेकांवर चिडतात.

माझ्या एका सामन्यात काय झालं सांगते. टर्न बदलायला दहा सेकंद उरली होती, एका खेळाडूने तीन कॅटापुल्ट (दगडफेकी यंत्रं) समोरच्याच्या शहराला लागून आणून उभे केले, टर्न बदलला, आणि पुढच्याच सेकंदाला त्याच कॅटापुल्टनी हल्ला केला. शहरात दोन फॅलँक्स (भालाईत रक्षक तुकड्या) होते, दोन्ही गेले, शहर गेलं. ज्याचं शहर होतं तो त्या वेळी झोपला होता, सकाळी उठून बघतो तर नकाशावर रंगच बदललेला. त्याने तक्रार केली, दुसरा म्हणाला मी नियमात खेळलो, आणि खरंच तसा नियम आम्ही केलेलाच नव्हता. आठवड्याभरात दोघंही गेले.

यावर उपाय सर्व्हरमध्येच आहे. 'युनिटवेटटाइम' म्हणून सेटिंग आहे, त्यात सेकंद द्यायचे. 36000 दिलेत तर एकदा हललेलं युनिट (सैन्याची तुकडी, कामगार वगैरे) टर्न बदलला तरी दहा तास उलटल्याशिवाय परत हलत नाही, म्हणजे समोरच्याला उठून बघायला वेळ मिळतो. हा आकडा 'टाइमआउट'च्या (एका टर्नला दिलेल्या सेकंदांच्या) दोन-तृतीयांशापेक्षा कमीच असावा लागतो, म्हणून टाइमआउट आधी सेट करा. टाइमआउट मी 82800 ठेवते, म्हणजे 23 तास. पूर्ण 24 ठेवले तर टर्न रोज ठरावीक वेळीच बदलतो आणि ज्याची ती वेळ झोपेची असते तो कायमचा मार खातो, 23 ठेवले की बदलाची वेळ रोज एक तास मागे सरकते आणि गैरसोय सगळ्यांना आळीपाळीने वाटली जाते. सातजण सात टाइमझोनमध्ये असताना मला याहून न्याय्य काही सापडलेलं नाही.

'फिक्स्डलेंग्थ' चालू करा. नाहीतर सगळ्यांनी टर्न डन (माझी पाळी झाली) हे बटण दाबलं की टर्न लवकर संपतो, आणि त्यात 'टर्नब्लॉक' बंद असेल तर सर्व्हर फक्त कनेक्ट असलेल्यांचंच बटण मोजतो, मग मध्यरात्री एकटाच जागा असलेला माणूस टर्न डन दाबत दाबत चार टर्न पुढे जाऊ शकतो आणि बाकीच्यांचे कामगार चार टर्न रिकामे उभे. तुमची भांडणं यातून तर होत नाहीत ना, एकदा बघा.

आणि 'ऑटोटॉगल' बंदच. ते चालू असलं की खेळाडू बाहेर पडल्या पडल्या कॉम्प्युटर त्याचं राज्य चालवायला घेतो. तासाभराच्या खेळात हे सोयीचं आहे, पण रोज एक टर्नच्या खेळात सगळेच दिवसभर बाहेर असतात, म्हणजे तुम्ही आठवडाभर जपलेली योजना एआय एका झटक्यात मोडून टाकणार.

हे सगळं एका साध्या फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवा, सर्व्हर सुरू करताना ती फाइल वाचायला सांगता येते, आणि तीच फाइल सातही जणांना आधी वाचायला द्या. कोणाला 23 तास नको असतील तर तो ते पहिल्याच दिवशी बोलेल, शहर गेल्यावर नाही.

प्रश्न : जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चालेल का?

मजेत चालेल, टर्नवाल्या खेळाला ताकद फार लागत नाही. झाकण मिटल्यावर झोपणं आणि आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट होणं, या दोन गोष्टी मात्र बंद करा. 'सेव्हटर्न्स' 1 ठेवा म्हणजे दर टर्नला सेव्ह फाइल पडेल, आणि ती फाइल रोज दुसऱ्या मशीनवर कॉपी होऊ द्या. ज्या डिस्कवर खेळ त्याच डिस्कवर त्याची एकमेव प्रत असेल तर डिस्क गेली की सगळंच जातं.

प्रश्न : एकजण मध्येच सोडून गेला. त्याचं राज्य एआयला दिलं तर शेजाऱ्याला फुकटची लॉटरी लागेल. काय करावं?

बदली माणूस शोधा. 'टेक' या आज्ञेने नवा खेळाडू ते राज्य जसंच्या तसं ताब्यात घेऊ शकतो, शहरं, खजिना, तह सगळं. माणूस मिळेपर्यंत 'एआयटॉगल'ने तात्पुरतं एआयकडे द्या आणि शेजाऱ्यांना तसं उघड सांगा, लपवू नका. एक काळजी घ्या, साध्या सेटिंगमध्ये खेळाडूच्या नावाला पासवर्ड नसतो, जाणारा माणूस जुन्याच नावाने परत येऊ शकतो आणि दुसरा कोणीही ते नाव टाकून आत शिरू शकतो. म्हणून सर्व्हरचा पत्ता ग्रुपबाहेर जाऊ देऊ नका, आणि अनोळखी लोक घेणार असाल तर लॉगिनची सोय चालू करूनच सामना सुरू करा.