लिग्निफिकेशनला 'निबर होणं' म्हटलं तर चालेल का?

भावा, तू विचारलंयस की चिपाडापासून इथेनॉल या लेखात लिग्निफिकेशनला 'निबर होणं' लिहू का, का तो शब्द फक्त भेंडी-गवारीलाच शोभतो. माझं मत, बिनधास्त लिही. आपल्याकडं मुळा निबर होतो, वैरण निबर झाली की म्हस तोंड लावत नाही, आणि या सगळ्यात आत घडतं ते हेच, पेशींच्या भिंतीत लिग्निन नावाचा कडक पदार्थ भरत जातो आणि त्या ताठ होतात. 'जून' मात्र वेगळा, त्यात वय आलं पण दोष आलाच असं नाही, जून बांबू तर लोक मागून घेतात.

फक्त निबर ही अवस्था, पदार्थ नव्हे. पदार्थाला सरळ लिग्निनच म्हण. 'काष्ठीर' हा पारिभाषिक शब्द आहे खरा, पण ऊस म्हणजे गवत, त्याच्या लेखात काष्ठ कशाला आणायचं.

दुसरं म्हणजे 'लिग्निन जास्त म्हणून प्रक्रिया अवघड' एवढ्यावर थांबू नको, कारण कोरड्या चिपाडात ते साधारण 20 ते 25 टक्के असतं हे ठीक, पण ते कसलं बनलंय आणि कसं जोडलंय यावर खरा खेळ आहे. लिग्निन जी, एस आणि एच अशा तीन प्रकारच्या छोट्या घटकांचं बनतं. पाइनच्या लाकडात जवळजवळ सगळे जी घटक, त्यांच्यातल्या कार्बनच्या कड्यावर (रिंगवर) एक जागा मोकळी राहते, तिथं कार्बन-कार्बन बंध जुळतात आणि ते तुटता तुटत नाहीत. निलगिरीत एस घटक जास्त, त्यांच्यात ती जागा मिथॉक्सी नावाच्या अणुगटानं अडवलेली, मग ईथर बंध (ऑक्सिजनमधून जुळणारे) जास्त होतात आणि ते अल्कलीत (कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात) सुटतात, म्हणून कागदासाठी निलगिरीतलं लिग्निन काढणं पाइनपेक्षा सोपं जातं. उसात जी, एस, एच तिन्ही, शिवाय फेरुलिक आम्लानं लिग्निन हेमिसेल्युलोजला (पेशींच्या भिंतीतल्या साखरेच्या एका साखळीला) टाके घातल्यासारखं शिवलेलं, पण हे टाके सौम्य अल्कलीतसुद्धा उसवतात. लिग्निन सहज न सुटण्याच्या गुणाला 'चिवट' हा शब्द वापर, म्हणजे निबर म्हणजे किती भरलंय आणि चिवट म्हणजे सुटायला किती अवघड, असा फरक वाचकाला लगेच कळेल.

आणि 'टाकाऊ लिग्निन' हे तेवढं काढच. ज्यापासून इथेनॉल बनतं त्या सेल्युलोजपेक्षा त्याची उष्णता जास्त, इथेनॉल काढल्यावर राहिलेलं लिग्निन बॉयलरला जळण म्हणून चालतं. तिथं 'उरलेलं लिग्निन' लिही.