सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची देखभाल: कुठवर हात घालावा

आपला प्रश्न असा आहे की, वॉरंटी संपलेल्या सहा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकची नेहमीची देखभाल पुण्याजवळच्या वाकडमधील सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः कितपत करता येईल, आणि गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर ती उचलून खालून इंजिन ऑइल बदलले तर चालेल का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे जिवाशी गाठ आहे. त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये; ऑइलसाठी नाही, घरंगळत गेलेला नट काढण्यासाठी नाही आणि नुसते वाकून पाहण्यासाठीही नाही.

गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यावर पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरताच बनवलेला असतो. त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा असतो, सगळा भार एका आडव्या स्क्रूवर येतो, आणि उंची वाढत जाते तसा तो कडेला कलंडण्याचा धोकाही वाढत जातो. लहान हॅचबॅकचे वजनही नऊशे किलोच्या घरात असते. त्यात आपल्याकडील बहुतेक सोसायट्यांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात, जे वाळूच्या थरावर बसवलेले असल्यामुळे एकाच ठिकाणी भार आला की एका कडेने दबतात, आणि पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला दिलेला उतार डोळ्यांना सहसा दिसत नाही. बांधकामातून उरलेले राखाडी, हलके ब्लॉक गाडीखाली रचण्याचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. ते ब्लॉक भिंतीचा पसरलेला भार सहज पेलतात, परंतु धातूच्या अरुंद कडेखाली आले की काही पूर्वसूचना न देता फुटतात. विटांचेही तसेच.

गाडीखाली जाणे अटळच असेल, तर सपाट काँक्रीटची जमीन, चाकांवरचा ट्रॉली जॅक आणि पुरेशा क्षमतेच्या जॅक स्टँडची (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या आधारांची) जोडी या तीन गोष्टींवाचून सुरुवात करू नये. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, आणि स्टँड नेमके मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावावेत, कारण बाकीचा पत्रा एवढा भार सोसत नाही. गाडी स्टँडवर टेकल्यावर तिला बाहेर उभे राहून हाताने जोर लावून हलवून पाहावे. पडायचीच असेल तर ती तेव्हा पडू द्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काम घरी करावे की गॅरेजला द्यावे, हे बहुतेक जण ते सोपे आहे की अवघड यावरून ठरवतात. मी वेगळे विचारतो: यात चूक झाली, तर ती मला कोठे कळेल? बॅटरीचे टर्मिनल सैल राहिले तर गाडी पार्किंगमध्येच सुरू होणार नाही, आणि चूक तेथेच दुरुस्त होईल. ब्रेकच्या कामात राहिलेली चूक कदाचित वरंध घाटाच्या उतारावर कळेल. ब्रेक पॅड बदलणे हाताला फारसे अवघड नाही, तरीही ते घरी करू नका असे मी सांगतो, ते एवढ्याचसाठी.

ऑइल बदलण्याचे काम या दोन टोकांच्या मध्ये येते. ड्रेन प्लग, म्हणजे खालून ऑइल काढण्याचे बूच, जास्त आवळला तर अॅल्युमिनियमच्या सम्पचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात, कमी आवळला तर ऑइल गळते. जुन्या ऑइल फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला की दोन रिंगांमधून दाबाखालचे ऑइल काही मिनिटांत बाहेर पडू शकते, आणि ही चूक बहुधा रस्त्यावर, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागल्यावर कळते. एवढे करून वाचते ती फक्त मजुरी. शिवाय जळालेले ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. ते चेंबरमध्ये ओतणे म्हणजे आपल्याच मुळा-मुठेत ओतणे. म्हणून माझा सल्ला असा की मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचे सीलबंद ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घ्यावा, आणि ज्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्ट आहे तेथे समोर उभे राहून ते बदलून घ्यावे. जुनी रिंग निघाली का आणि ड्रेन प्लगला नवा वॉशर लावला का, एवढे दोनच प्रश्न नम्रपणे विचारावेत. (घरात बीएस-६ डिझेल गाडीही असेल, तर तिच्या डीपीएफसाठी (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी) कमी राख तयार करणारे ऑइल लागते, पेट्रोल गाडीचे उरलेले ऑइल तिच्यात संपवू नये.)

घरी मात्र डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, नियमाने पाहावी. गाडी सपाट जागी उभी असावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावीत, आणि पट्टी एकदा पुसून पुन्हा घालून मग वाचावी. ऑइल कमी दिसले तर थोडे थोडे घालत पुन्हा मोजावे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणेही वाईटच, कारण इंजिनाचा फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) ऑइलला फेस आणतो आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही.

कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, काम सोपे असले तरी त्यात भाजण्याचा धोका सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून कूलंटला त्याहून बऱ्याच वरच्या तापमानालाही द्रव ठेवते. कात्रज किंवा खंबाटकी चढून आलेल्या गाडीचे झाकण कोणी कापड धरून फिरवतो, तेव्हा तो दाब एका क्षणात सुटतो, आतल्या कूलंटची जागच्या जागी वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. इंजिन बंद करून निदान अर्धा तास जाऊ द्यावा, वरचा रबरी पाइप हाताला गार लागल्यावरच झाकणाला हात लावावा, आणि एरवी पातळी बाजूच्या पारदर्शक टाकीवरील खुणांमध्येच पाहावी. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे, ओढणी आणि शर्टाची बाही त्यापासून दूर ठेवावी. पातळी भरताना तयार मिश्रण किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे; बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे सांडलेले लगेच धुऊन टाकावे. पार्किंगमधली कुत्री-मांजरे ते चाटतात.

बॅटरीचे काम करताना घड्याळ, अंगठी आणि कडे काढून ठेवावे. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. कारण असे की गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. तो जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला लागला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून जातो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने निघते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मल्टिमीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२ च्या खाली दिसले तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, नाही तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बाजूला शोधावा. शेजाऱ्याच्या गाडीवरून स्टार्ट देताना काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूच्या भागाला लावावे, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

टायरची हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरील स्टिकरनुसार भरावी. द्रुतगती मार्गावरून आल्यावर हवा तीन-चार पीएसआय जास्त दिसते, ती काढू नये. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. खाचांच्या खोलीची कायदेशीर मर्यादा किमान १.६ मिलिमीटर आहे, परंतु ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर मी पावसाळ्यात चालवत नाही. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करून पाहा: गाडीतल्या पान्याने चारही चाकांचे नट सुटतात का? पंक्चरवाला हवेच्या गनने ते इतके आवळतो की रात्री ताम्हिणीत स्टेपनी असूनही चाक निघत नाही. नट गाडी उचलण्यापूर्वी सैल करावेत, बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा; पान्यावर उभे राहू नये.

एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि वायपर खुशाल घरी बदलावेत, आणि वायपर मे महिन्यातच बदलावेत. रबर काढलेला वायपरचा हात उघडा सोडू नये, स्प्रिंगच्या जोराने तो काचेवर आदळला तर काच तडकते. खाली जाड टॉवेल अंथरावा. फ्यूज उडाल्यास तेवढ्याच अँपिअरचा लावावा. १० चा लाल फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून २० चा पिवळा लावला, की मग फ्यूजऐवजी वायर जळते.

ब्रेक फ्लुइडची पातळी पाहणे घरचे काम आहे, ते भरत राहणे नव्हे. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, आणि अचानक उतरली तर कोठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा गाडी गॅरेजला दाखवावी. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रकारच्या द्रवाचा उत्कलनबिंदू ते नवे असताना किमान २३० अंश असतो, ओलावा घेतल्यावर तो १५५ पर्यंत घसरू शकतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की द्रव उकळून पेडल मऊ पडते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या, हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी केबल आणि सीएनजीची कोणतीही नळी यांना घरी हात लावू नये. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. बेसमेंट पार्किंगमध्ये तपासणीसाठी इंजिन चालू ठेवून उभे राहू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हत्यारांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी आणि मल्टिमीटरसाठी तपकीर गल्ली पुरेशी आहे. फिल्टर आणि वायपर नाना पेठेत मिळतील. जुन्या बाजारात पाने घ्यायला हरकत नाही, चांगल्या पोलादाचे जुने पाने आजच्या स्वस्त संचांपेक्षा टिकाऊ निघतात. जॅक आणि जॅक स्टँड मात्र तेथून घेऊ नका, कारण त्यांच्या वेल्डिंगवर आणि सीलवर पूर्वी काय बेतले आहे, हे पाहून कळत नाही.