हाफ पँट घालावी, पण मापाची

उन्हाळी सुती कापडांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीच एकाच कपड्याविषयी होती. कोणी त्याला शॉर्ट्स म्हटले आहे, कोणी बर्म्युडा, कोणी हाफ पँट, आणि एका आजोबांनी सरळ अर्धी चड्डी. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४७, उंची ५ फूट ४ इंच, पोट थोडे सुटलेले. मे महिन्यात आम्ही शाळेचे मित्र गोव्याला जाणार आहोत. सातवीनंतर मी हाफ पँट घातलेली नाही. दुकानात तीन-चार घालून पाहिल्या, पण प्रत्येकीत मी बुटका आणि रुंद दिसलो. माझ्यासारख्याने या वाटेला जावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अवश्य जावे. हाफ पँट सुटून फुल पँट मिळणे ही आपल्याकडे मोठे झाल्याची खूण मानली जात असे, आणि खाकी अर्ध्या चड्डीवर पांढरा सदरा घालून शाळेत गेलेल्या पिढीच्या मनात ती खूण अजून घट्ट बसलेली आहे. तरीही एके काळी मुंबईचा पोलीस शिपाई पिवळी टोपी आणि निळी हाफ पँट घालूनच चौकात उभा राहत असे आणि त्याचा दरारा तिळमात्र कमी नव्हता, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

आपण घालून पाहिलेल्या शॉर्ट्स बहुधा गुडघा झाकणाऱ्या होत्या. अंग अधिक झाकले की बरे दिसते, अशा समजुतीने पुष्कळ जण त्याच निवडतात. परंतु कापड गुडघ्याखाली उतरले की पायाचा अर्धा भाग त्यात बुडतो, खाली फक्त पोटरी उरते आणि माणूस आहे त्याहून ठेंगणा दिसतो. आपल्या उंचीला शॉर्ट्सची कड गुडघ्याच्या वाटीच्या वर दीड ते दोन इंचांवर थांबली पाहिजे. तयार शॉर्ट्समध्ये आतल्या शिलाईची, म्हणजे आसनाच्या (दोन पायांमधल्या) जोडापासून खालच्या कडेपर्यंतची लांबी पाहावी. आपल्याला ती साधारण ७ इंच लागेल. ९ इंचांची शॉर्ट्स पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाला शोभते. ५ इंचांची धावण्यासाठी ठेवावी.

लांबीनंतर मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचा घेर. सरळ उभे राहून मांडी आणि मोहरी यांच्यामध्ये दोन बोटे सहज मावली पाहिजेत. चार बोटे मावली तर खाली परकरासारखा घेर दिसतो. एकही मावत नसेल तर कापड मांडीला घासते आणि चालताना वर चढते. मग ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसून पाहावे. बसल्यावर कड दोन-अडीच इंच वर सरकतेच, आणि आरशापुढे फक्त उभे राहून खरेदी करणाऱ्याला हे घरी गेल्यावर कळते. बसल्यावर पुढची चेन फुगून वर आली, किंवा खिसे कानांसारखे बाहेर उघडले, तर ती शॉर्ट्स कितीही आवडली तरी ठेवून द्यावी.

पोट सुटलेली माणसे पँट पोटाखाली बांधतात. फुल पँटमध्ये ते थोडेफार खपून जाते, परंतु शॉर्ट्समध्ये त्यामुळे आसन खाली लोंबते, कड गुडघ्यावर येते आणि बेतून घेतलेली लांबी वाया जाते. म्हणून शॉर्ट्स कमरेवरच बसली पाहिजे. पुढे दोन्ही बाजूंना एकेक चुणी आणि मागे थोडे इलॅस्टिक असेल, तर कंबर न आवळता हे साधते. बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो शॉर्ट्स मात्र आपण घेऊ नये; नेमके जेथे रुंदी नको आहे तेथेच ते खिसे फुगतात.

माझा खरा आग्रह शिवून घेण्याचा आहे. ५८ इंची पन्ह्याचे सव्वा मीटर सुती कापड आपल्याला पुरून उरेल; जरा जाड, पीळदार विणीचे घ्यावे, म्हणजे कड सरळ पडते. लिननही उत्तम, फक्त त्याला सुरकुत्या पडणारच हे गृहीत धरावे. शिंप्याकडे देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. आटायचे ते आधीच आटते. खाली दीड इंचाचा दुमड ठेवायला सांगावा. दुमडीच्या वजनाने कड खाली बसते, आणि पुढे लांबी वाढवावीशी वाटली तर कापड हाताशी राहते. एखादी जुनी फुल पँट पायाशी विरली असेल, पण वरून धड असेल, तर तीही कापून चांगली शॉर्ट्स होते. हव्या त्या लांबीच्या खाली दोन इंच सोडून कापावी आणि मोहरी थोडी आत घ्यावी, एवढेच. आमच्या घरातील सर्वांत जास्त वापरलेली शॉर्ट्स अशाच एका राखाडी पँटची आहे. तिच्या पायाची घडी विरली होती आणि ती बोहारणीला द्यायला काढली होती.

वर जुन्या पद्धतीचा बुशशर्ट घालावा. त्याची खालची कड सरळ असल्याने तो न खोचता नीट दिसतो. तो चेनच्या मध्यापर्यंतच यावा. लांब टी-शर्टने शॉर्ट्स झाकली तर पाय पुन्हा आखूड दिसतील. पायांत कातडी सँडल किंवा कोल्हापुरी चप्पल चांगली, पण कोल्हापुरी घेऊन खाऱ्या पाण्यात जाऊ नये, कातडे कडक होऊन तडकते. बूट घातले तर मोजे घोट्याखाली राहतील असे घ्यावेत. कचेरीचे काळे मोजे घरीच ठेवावेत.

प्रश्न : मी ३५ वर्षांची असून रोज सकाळी तळजाईवर धावते. उन्हाळ्यात लेगिंग असह्य होते. शॉर्ट्स घ्यावी असे वाटते, परंतु मांड्या घासण्याची भीती आहे, आणि सासू-सासऱ्यांसमोरून तशी बाहेर पडण्याचा संकोचही आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कापडाचे पाहू. धावण्यासाठी सुती शॉर्ट्स घेऊ नये. सुती धाग्यात घाम मुरतो, तो लवकर वाळत नाही, आणि ओल्या शिलाईने कातडी सोलली जाते. पातळ पॉलिएस्टरची, बाजूला थोडी चीर असलेली आणि आत घट्ट अस्तर शिवलेली शॉर्ट्स घ्यावी. हे आतले अस्तर सायकलपटूंच्या शॉर्ट्ससारखे मांडीवर चार-पाच इंच खाली येणारे असले, म्हणजे मांडीला मांडी घासतच नाही आणि वरचे सैल कापड वाऱ्याने उडाले तरी संकोच वाटत नाही. तरीही दूर पल्ल्याला निघताना मांडीच्या आतल्या बाजूस पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. पुढे सायकल चालवू लागलात आणि गादी असलेली शॉर्ट्स घेतलीत, तर ती आत काहीही न घालता वापरायची असते. हे दुकानदार अनेकदा सांगत नाहीत आणि मग शिवण रुतून त्रास होतो.

आता दुसरी गोष्ट. बाईच्या पायाची पोटरी दिसणे आपल्या मातीला नवे नाही. भात लावणाऱ्या बाईचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला असतो, आणि कोळणीचे लुगडे गुडघ्याच्या आसपासच नेसलेले असते, कारण ओल्या वाळूत नि बाजारात दिवसभर उभे राहायचे असते. काम जसे, तसे नेसणे. आपले धावणे हेही तसेच काम आहे. १९३१ साली विम्बल्डनमध्ये लिली द आल्वारेझ ही स्पॅनिश खेळाडू दुभागलेला झगा घालून उतरली तेव्हा तिच्यावर टीका झाली. आज टेनिसपटू शॉर्ट्समध्ये खेळली तर कोणाची मान वळत नाही.

सासूबाईंना मात्र पहाटे अचानक दिसू नये. आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी शॉर्ट्स त्यांच्या हातात द्यावी, कापड दाखवावे, लेगिंगने काय होते ते सांगावे. आधी विचारले गेले, एवढ्यानेही वडीलधारी माणसे पुष्कळदा निवळतात. पहिले काही आठवडे जिन्यावरून उतरताना वर सैल कुर्ता असला तर त्यात माघार मानू नये. सवय तुम्हालाही व्हायची आहे. आणि निवड करताना एकच कसोटी लावावी: घालून दहा उड्या माराव्यात. एकदाही हात कड खाली ओढायला गेला, तर लांबी एक इंचाने वाढवावी.

प्रश्न : जून महिन्यात सहकुटुंब गोव्याला जात आहोत. सकाळी किनारा आणि दुपारी मंगेशी व जुने गोवे असा बेत आहे. दिवसभर शॉर्ट्स चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : किनाऱ्यावर चालेल, पुढे नाही. मंगेशीच्या देवळात आणि जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकातही अंगभर कपड्यांची अपेक्षा असते, आणि ती पाळणे हा यजमानांच्या घराचा मान ठेवण्याचाच भाग आहे. आपल्याकडेही मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने २०२५ च्या जानेवारीत भाविकांसाठी पेहरावाचे नियम जाहीर केले. दुबईला जाणाऱ्या वाचकांनीही लक्षात ठेवावे की तेथील मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशा सूचना लावलेल्या असतात.

गाडीत कपडे बदलण्याची कसरत टाळायची असेल, तर प्रत्येकामागे एक पातळ सुती लुंगी पिशवीत ठेवावी. ती शॉर्ट्सवरूनच गुंडाळता येते आणि मुलींना परकरासारखी नेसता येते. गुडघ्याशी चेन असलेली, पाय वेगळे करता येणारी पँटही मिळते. मात्र ओली, वाळूने भरलेली शॉर्ट्स आत ठेवून वर लुंगी गुंडाळून देवळात जाऊ नये. किनाऱ्यावरून निघण्याआधी ती बदलावीच.

प्रश्न : माझ्या मामेभावाचे लग्न अलिबागजवळ समुद्रकिनारी आहे. सकाळी हळद, संध्याकाळी लग्न. आम्ही भावंडांनी शॉर्ट्सवर ब्लेझर घालायचे ठरवले आहे. आई म्हणते, मामा-मामी काय म्हणतील? आपले मत सांगावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : शॉर्ट्सवर ब्लेझर या जोडीला खरे घर आहे, ते म्हणजे अटलांटिक महासागरातील बर्म्युडा. उष्ण प्रदेशांतील ब्रिटिश सैनिकांच्या अर्ध्या पँटवरून तेथे ही वस्त्रपद्धती रुळली. तेथे पुरुष कचेरीतसुद्धा शॉर्ट्स, वर कोट आणि टाय, आणि पायांत गुडघ्याखाली दुमडलेले लांब मोजे घालून जातात. ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनात त्यांचा चमू लाल शॉर्ट्समध्ये येतो. हा पेहराव भारदस्त का दिसतो, तर त्यात एकही गोष्ट ढिली सोडलेली नसते. शॉर्ट्सला पँटसारखी इस्त्रीची घडी असते, कड गुडघ्याच्या जरा वर नेमकी असते, मोजे ताठ असतात. आपण भावंडांनी अर्ध्या तयारीने, म्हणजे घरातल्या नाडीच्या शॉर्ट्सवर कोट चढवून हे केले, तर ते विस्कटलेलेच दिसेल.

तरीही माझे मत असे की ही तयारी सकाळसाठी वापरावी. हळदीला शॉर्ट्स सर्वार्थाने योग्य आहे: उकाडा असतो, वाळू असते, आणि कोणीतरी हळद फासणारच असते. पिवळा डाग सुती कापडावरून सहजी जात नाही, म्हणून फिकट पिवळ्या रंगाचीच शॉर्ट्स आणि आखूड सुती कुर्ता घ्यावा. संध्याकाळी अक्षता टाकताना, थोरांच्या पाया पडताना, पंगतीत मांडी घालून बसताना उघडे गुडघे आपल्यालाच अडचणीचे होतील. त्या वेळी पातळ लिननची फुल पँट किंवा धोतर नेसावे. समुद्राच्या वाऱ्यात धोतराइतके सुखाचे वस्त्र दुसरे नाही. आईंचा प्रश्न मात्र मामींनाच विचारावा. लग्न त्यांच्या घरचे आहे. त्यांनी संध्याकाळीही हौसेने हो म्हटले, तर निःशंक मनाने ब्लेझर चढवावेत.

प्रश्न : पावसाळी ट्रेकला शॉर्ट्स बरी की फुल पँट?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : जुलैच्या भर पावसात, मळलेल्या वाटेवर, शॉर्ट्स बरी. भिजलेली जीन्स पायांना जड होते आणि गुडघा उचलताना अडवते. नायलॉनची गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स पाऊस थांबताच वाळू लागते. जळवा असलेल्या रानात जायचे असेल तर खाली लांब, दाट विणीचे मोजे चढवावेत. पाऊस ओसरल्यावर गवत छातीइतके वाढते, त्याची धार पायांना कापते, आणि पुढे हिवाळ्याच्या तोंडावर खाजकुइलीच्या शेंगा वाळू लागतात. तेव्हापासून फुल पँटच घालावी. परतीच्या प्रवासासाठी एक कोरडी सुती शॉर्ट्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावी.