सीटीसी 'शून्य' आली म्हणजे नेमकं काय? दर तीन महिन्यांनी करावी का?

आईंना तिसऱ्या स्टेजचा ओव्हरीचा कॅन्सर, सर्जरी आणि सहा केमो पार पडल्या, सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) आता १४ आहे. लॅबवाल्यांनी सुचवलेल्या सीटीसी चाचणीत, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या ट्यूमर पेशी मोजण्याच्या चाचणीत, 'एकही ट्यूमर पेशी आढळली नाही' असं आलंय. ती दर तीन महिन्यांनी करावी का आणि तुम्ही दोघी बहिणींनीही करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: त्या शून्यावर एकही निर्णय घेऊ नका, आणि तुम्हा बहिणींना या चाचणीची गरज नाही. मी अशा चाचण्यांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेलसर्च ही अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेली यातली पहिली पद्धत. २००४ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी, पुढे प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्यासाठी. ओव्हरीसाठी ती मंजुरी नाही. तिच्यात साडेसात मिलिलिटर रक्त घेतात. तेवढ्या रक्तात तीन ते आठ कोटी पांढऱ्या पेशी असतात आणि शोधायच्या असतात एक-दोन ट्यूमर पेशी. एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटणारे लोहाचे सूक्ष्म कण रक्तात मिसळतात आणि चुंबकाने त्या पेशी बाजूला ओढतात. मग रंग देऊन स्क्रीनवर एकेक चित्र तपासायचं: केंद्रक दिसायला हवं, सायटोकेराटिन (पांढऱ्या पेशींत सहसा नसलेलं प्रथिन) दिसायला हवं आणि पांढऱ्या पेशीची खूण असलेलं सीडी-४५ अजिबात दिसता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात अर्धवट फुटलेली पेशी येते, दोन्ही रंग घेऊन बसलेली पांढरी पेशी येते, आणि दोन अनुभवी माणसांचं एकाच चित्रावर एकमत होत नाही. सुई टोचताना त्वचेच्या पेशीही रक्तात येऊ शकतात, म्हणून सुरुवातीचं रक्त या चाचणीसाठी वापरायचं नसतं. रक्त घेणाऱ्याला हे माहीत नसेल तर घोळ तिथूनच सुरू होतो.

आता शून्याचं बघू. समजा रक्तात सरासरी दर नळीमागे एक ट्यूमर पेशी फिरते आहे. तरी निव्वळ योगायोगाने शंभरातल्या साधारण ३७ नळ्यांत एकही पेशी येणार नाही. म्हणजे आज शून्य आणि उद्या दोन, यात आजार बदललेला नसूही शकतो. शिवाय पसरण्याच्या तयारीतल्या काही पेशी एपकॅम कमी करतात, त्या चुंबकाला सापडतच नाहीत.

ओव्हरीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा कॅन्सर मुख्यतः पोटातच पसरतो: पेशी सुटतात, पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पदरावर), पोटाच्या अस्तरावर रुजतात. रक्तातूनही त्या ओमेंटमपर्यंत पोचू शकतात हे २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, त्यामुळे हा शोध निरर्थक मुळीच नाही. पण आजार उलटलेल्या २१६ रुग्णांच्या एका अभ्यासात सेलसर्चने दोन किंवा जास्त पेशी सापडल्या त्या जेमतेम १४ टक्क्यांत. आजार समोर असताना बाकी ८६ टक्के 'जवळपास निरंक'! म्हणून शून्य म्हणजे आजार संपला, असं मला म्हणवत नाही.

आणि समजा पुढे आकडा वाढला, तर करणार काय? सीए-१२५ बद्दल हा प्रश्न युरोपातल्या मोठ्या चाचणीने २०१० मध्ये तपासला. आकडा वाढताच केमो सुरू केलेल्या आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. लवकर सुरू करणाऱ्यांना केमोचा त्रास मात्र आधीपासून सोसावा लागला. स्तनाच्या कॅन्सरमध्येही पहिल्या केमोनंतर सीटीसी टिकून राहिल्या म्हणून लगेच औषध बदललं, तरी आयुष्य वाढलं नाही. संशोधन जोरात चालू आहे, विशेषतः त्या पेशींमधल्या जनुकांवरून प्लॅटिनमयुक्त औषधांची केमो लागू पडेल का हे ओळखण्याचं, आणि मला त्याची मनापासून आशा आहे. आज घरच्या पैशातून दर तीन महिन्यांनी करावी अशी मात्र ही चाचणी नाही.

ते पैसे हाताशी असतील तर एकच विचारते: आईंची बीआरसीए तपासणी, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांतल्या दोषाची तपासणी, झाली आहे का? तुमच्या लिहिण्यात उल्लेख नाही. हाय ग्रेड सिरस (ओव्हरीच्या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा) प्रकार असेल तर साधारण पाचातल्या एकीत हा जन्मजात दोष सापडतो, आणि सापडला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांनी आजार परतणं बरंच लांबतं. त्या सहसा केमो संपल्यावर दोनेक महिन्यांत सुरू करतात, त्यामुळे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. ट्यूमरची एचआरडी तपासणीही (पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची क्षमता बिघडली आहे का, हे पाहणारी) त्याच भेटीत विचारून घ्या.

तुम्हा बहिणींचा प्रश्नही इथेच सुटेल. निरोगी बायकांमध्ये हा कॅन्सर रक्तावरून लवकर पकडून जीव वाचवता येतो, असं अजून दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरून पाहिली. २०२१ च्या निकालात मृत्यू कमी झाले नव्हते. पण आईंमध्ये बीआरसीए दोष निघाला, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता प्रत्येकीला निम्मी. मग जेनेटिक काउन्सेलरकडे दोघी एकत्र जा, आणि मुलं झाल्यावर गर्भनलिका (फॅलोपियन नळ्या) व ओव्हरी काढून घेण्याबद्दल बोला. बीआरसीए-१ असेल तर हे साधारण ३५ ते ४० वयात सुचवतात.

आईंचं पोट फुगलं, थोडं खाऊनच भरल्यासारखं वाटलं किंवा लघवीला वारंवार जावं लागलं आणि ते दोन-तीन आठवडे टिकलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. बीआरसीएचा रिपोर्ट आला की इथे जरूर लिहा, वाचायला बसू आपण.