अमरावती की वर्धा? आधी सातबाऱ्यावरची नावे पाहू

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. त्यातला आशय थोडक्यात असा. तुम्ही धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका गावात राहता. जमीन 9 एकर, त्यांपैकी 6 एकर विहिरीच्या ओलिताखाली आणि रस्त्याला लागून असलेले 3 एकर कोरडवाहू. लेक यंदा बारावी होऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्यांत आहे आणि तिच्यासमोर बडनेऱ्याजवळचे एक व वर्ध्याजवळचे एक अशी दोन महाविद्यालये आहेत. मुलगा दहावीत गेला आहे. कोरडवाहू 3 एकरांना एक व्यापारी एकरी 11 लाख द्यायला तयार आहे. ते पैसे घेऊन अमरावतीत 34 लाखांचा फ्लॅट घ्यावा की वर्ध्यात 28 लाखांचे बैठे घर घेऊन सगळ्यांनीच तिकडे जावे, असे तुम्ही विचारले आहे.

दोन शहरांत निवड करायला माझी हरकत नाही आणि पुढे मी ती करणारही आहे. पण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, आईंच्या औषधपाण्याविषयी लिहिताना, एक वाक्य ओझरते आले आहे: वडील गेल्यानंतर फेरफारात आई, तुम्ही आणि बहीण अशी तिघांची नावे लागली आणि ती आजही तशीच आहेत. सगळा हिशेब या वाक्यापासूनच सुरू व्हायला हवा होता. खरेदीखतावर तिघांच्याही सह्या लागतील. हिस्से समान धरले, तर 33 लाखांतले 11 लाख बहिणीचे आणि 11 लाख आईंचे होतात. आई आपला वाटा तुमच्या हाती ठेवतील असे मानले, तरी तुमच्याकडे 22 लाख येतात आणि त्यात अमरावतीचा फ्लॅट होत नाही, वर्ध्याचे घरही होत नाही. उरलेल्या रकमेसाठी गृहकर्ज काढावे लागेल आणि त्याचा हप्ता दर महिन्याला जाईल, तर कापसाचा पैसा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येतो. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेता येईल, असे तुम्हाला कोणी ना कोणी सुचवीलच. ते कायद्यात बसते. तरीही आपल्या घरासाठी बहिणीचा हक्क सोडवून घेण्याच्या मार्गाने मी तुम्हाला जाऊ देणार नाही. हा सल्ला पैशांच्या पलीकडचा आहे, हे मला मान्य आहे.

विक्रीवरच्या करापुरता हिशेब तुमच्या बाजूने आहे. धामणगावची लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख या गटात येते, त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या बाहेर असलेली शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्याचा कर लागत नाही. 6 एकर शिल्लक राहणार असल्याने शेतकरी असल्याचा दाखलाही जात नाही. सगळी जमीन विकून शहरात जाणाऱ्यांना पुढे शेतजमीन घेताना ही अडचण येते आणि अनेकांना ती तेव्हाच कळते.

मग विकायचे का नाही? एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते, ती आधी सांगतो. शेजारी हे 3 एकर एकरी 12 हजारांच्या मक्त्याने मागतो आहे, म्हणजे वर्षाला 36 हजार. 33 लाखांच्या मालमत्तेवर हे उत्पन्न शेकडा सव्वाही नाही. नुसत्या परताव्याने तोलले, तर ही जमीन आळशी आहे. पण तिच्या बदल्यात तुम्ही जे घेऊ पाहता, तेही फारसे कामसू नाही. 34 लाखांचा तो फ्लॅट भाड्याने घेतला तर महिना 8 हजारांत मिळतो, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे वर्षाला 96 हजार. खरेदी करताना वहिनींच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते आणि नोंदणी शुल्क 30 हजारांच्या वर जात नाही. तरीही पहिल्याच दिवशी सुमारे 2 लाख रुपये कागदावरच खर्च होतील, म्हणजे दोन वर्षांचे भाडे. तुमची गरज किती वर्षांची आहे, तेही पाहा. लेकीची चार वर्षे आणि मुलाची अकरावी-बारावी. त्यानंतर मुलगा कोणत्या शहरात जाईल हे आज ठरवता येत नाही, आणि तुम्ही स्वतः तर पेरणीला शिवारातच असणार आहात. रस्त्याकडचे 3 एकर एकदा गेले की त्याच धुऱ्याला लागून पुन्हा मिळत नाहीत, फ्लॅट मात्र केव्हाही मिळतो.

या बाबतीत माझे मन पूर्ण निर्लेप नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून 4 एकर विकून शहराच्या कडेला एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला होता. अकृषक परवानगी येणारच आहे, असे विकणाऱ्याने सांगितले. ती आली नाही. आम्ही तिघे भावंडे शिकून निघालो, तरी त्या प्लॉटवर वीट चढली नव्हती, आणि गुंठेवारीत, म्हणजे विनापरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटांसाठीच्या कायद्याखाली, तो नियमित करून घेण्यासाठी मी स्वतः घातलेल्या खेपांचा हिशेब आजही लावलेला नाही.

आता लेकीचे पाहू. तुम्ही इतर मागास प्रवर्गात आहात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या बरेच आत आहे. राज्य शासनाच्या जुलै 2024 च्या निर्णयाप्रमाणे अशा मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी लागू नाही. म्हणून बडनेरा असो की वर्धा, तिच्या फीत मोठा फरक पडणार नाही, आणि महाविद्यालय तिने शाखा व शिकवण्याचा दर्जा पाहून निवडावे. वसतिगृह, खानावळ, पुस्तके हे माफीत येत नाही. तुम्ही चौकशी केलेल्या दोन्ही ठिकाणी वसतिगृह व खानावळ मिळून वर्षाला 75 हजार सांगितले आहेत. घराबाहेर राहून शिकणाऱ्या इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे, अर्ज जरूर करा. मात्र जिल्हावार जागा मोजक्या असल्याने ती रक्कम हिशेबात धरू नका.

थोडक्यात, लेकीसाठी घर हलवण्याची गरज नाही. हलवायचेच असेल तर ते मुलासाठी, आणि तेही पुढच्या जूनमध्ये. यंदा त्याची दहावी आहे. वर्षाच्या मध्यात शाळा बदलून काय साधणार?

तुम्ही दिलेले आकडे मी मांडले, ते असे. सर्व खर्च वजा जाता शेतीतून 2,60,000, वहिनींच्या शिलाईतून महिना 5 हजारांप्रमाणे 60,000 आणि दोन म्हशींच्या दुधातून ढेप-कुटाराचा खर्च जाऊन 48,000. एकूण 3,68,000. घरखर्च 1,80,000 वजा केला की 1,88,000 उरतात. यंदा लेक वसतिगृहात राहिली तरी वर्षाखेर 1,13,000 हातात राहतील.

पुढच्या वर्षी दोन्ही मुले वसतिगृहात ठेवली, तर दीड लाख जातील. त्याऐवजी अमरावतीत भाड्याने घर घेतले आणि लेकही तिथूनच बडनेऱ्याला गेली, तर भाड्याचे 96,000 आणि गॅस, वीज, भाजी, विकतचे दूध यांचे महिना 5 हजारांप्रमाणे 60,000, मिळून 1,56,000. हे दोन आकडे जवळपास सारखे दिसतात, आणि इथेच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. वहिनी शहरात गेल्या की शिलाई थांबते. म्हशींचे धारपाणी एकट्या तुमच्याने होणार नाही, त्यामुळे दूधही थांबते. हे 1,08,000 खर्चाच्या वहीत कुठेच लिहिले जात नाहीत, कारण ते खर्च होत नाहीत, येणे बंद होतात. ते धरले की वर्षाला 76 हजारांची तूट येते. आणि 2017 सारखे बोंडअळीचे एखादे वर्ष मध्ये आले तर तूट किती होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी कापसाचे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

तरीही सोळा वर्षांच्या मुलाला एकटे ठेवण्यापेक्षा आई सोबत असावी असे तुम्हा दोघांना वाटते, आणि त्या इच्छेला किंमत आहे. ती पेलण्याजोगी करता येईल. वहिनींनी येत्या दिवाळीच्या सुटीत आठ-दहा दिवस अमरावतीत नातलगांकडे राहून ब्लाउज-फॉलचे काम कुठल्या भागात मिळते ते पाहावे. महिना 5 हजारांचे काम तिथे पुन्हा उभे राहिले, तर तूट 16 हजारांवर येते आणि यंदाच्या शिलकीतून दोन्ही वर्षे निघतात. काम उभे राहण्याची चिन्हे नसतील, तर मुलालाही वसतिगृहात ठेवावे आणि म्हशी विकू नयेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी अमरावती निवडीन, तीही भाड्याने.

वर्ध्याच्या बाजूने तीन गोष्टी तुम्ही मांडल्या आहेत. भाडे 6 हजार, म्हणजे वर्षाला 24 हजारांची बचत. ही खरी आहे. आईंची दर तीन महिन्यांची तपासणी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात होते, हेही खरे. पण आईंना गाव सोडायचे आहे का, हे तुमच्या चारही पानांत कुठे नाही. त्या तुमच्यासोबत गावात राहिल्या, तर आजच्यासारखेच धामणगावहून रेल्वेने जाणे-येणे होईल. त्यांचे वय 71 आहे, म्हणून 70 वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड काढून घ्या. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि भरती व्हावे लागल्यास वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. नेहमीची तपासणी व गोळ्या त्यात येत नाहीत. तिसरा मुद्दा समृद्धी महामार्गामुळे वर्धा जवळ आल्याचा. भाऊ, त्या मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि तुमच्याकडे मोटारसायकल आहे.

वर्ध्यात राहिल्याने मुलाला सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही झुकते माप मिळेल, अशी एक समजूत पत्रात डोकावते. तसे काही नाही, तिथला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. उलट अभियांत्रिकीत बारावी कोणत्या जिल्ह्यातून केली यावर गृह विद्यापीठ, म्हणजे ज्याच्या क्षेत्रातल्या महाविद्यालयांत जास्त जागा आपल्यासाठी असतात ते विद्यापीठ, ठरते. अमरावती जिल्ह्यातून बारावी केल्यास मुलगा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात राहील, तर वर्ध्यातून केल्यास नागपूर विद्यापीठाच्या. नागपूरचीच महाविद्यालये मनात असतील, तर ही वर्ध्याची जमेची बाजू आहे. मात्र मग शिकवणीसाठी आठवड्यातून दोनदा नागपूर आणि सहा महिन्यांनी नागपुरातच खोली, असे घरंगळत जाताना मी बरीच कुटुंबे पाहिली आहेत. अमरावतीत अकरावी-बारावी आणि शिकवणी दोन्ही एकाच शहरात होतात. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे पसंतीक्रम भरण्याआधी घराचा भाग ठरवलेला बरा. गाडगेनगर, काठोरा नाका हे विद्यार्थ्यांचे भाग असल्याने तिथे घरमालक चढे भाडे सांगतात. तुम्हाला चांदूर रेल्वेच्या रस्त्याने येणे सोपे पडेल असे घर पाहा, कारण वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून, मजुरांचा हिशेब चुकता करून मगच तुम्ही निघणार. वहिनींना मात्र एसटीचे निम्मेच तिकीट लागेल.

भाडेकरार 11 महिन्यांचा आणि नोंदणी केलेलाच हवा. शेजाऱ्याला 3 एकर मक्त्याने दिले, तर एका हंगामापुरते लिहून घ्या आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, कोण करणार तेही त्यात घाला.

शेवटी पीककर्ज. तुमच्याकडे 2,40,000 चे आहे. मुदतीत भरल्यास 3 लाखांपर्यंत ते जवळपास बिनव्याजी पडते. मुलांच्या शिक्षणासाठी त्याला हात लावू नका, ते एकदा थकीत झाले की ही सवलत जाते आणि पुढचे कर्जही अडते. लेकीच्या खर्चाला पैसा कमी पडला, तर शैक्षणिक कर्ज घ्या. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यात वसतिगृहाचा खर्च बसतो आणि फेड अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. यंदाचा कापूस विकला की अमरावतीच्या 12 महिन्यांच्या भाड्याचे 96 हजार वेगळ्या खात्यात टाका. तेवढे टाकता आले नाहीत, तर जूनमध्ये ट्रक बोलावू नका.

या आठवड्यात दोनच कामे करा. लेकीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत आहे का ते पाहा, नसल्यास तहसीलचे काम फेरीच्या आधी उरका. आणि व्यापाऱ्याने इसाराचे म्हणून जे 51 हजार देऊ केले आहेत, ते घेऊ नका.